‘सोडलं’ म्हणते, पण सुटत नाही. तुम्ही कसं केलंत?

सगुणा_नगर
सगळ्यांना सलाम. खूप दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहूनच टाकते.

मी मूळची नगरची, लग्नानंतर पुण्यात. वय ५२. अकरा वर्षांपूर्वी दादाने (सख्खा मोठा भाऊ) मला फोन करून बोलावलं, म्हणाला घरावर कर्ज काढतोय, बँकेला सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, एका दिवसात येऊन जा. मी गेले. कागद वाचलासुद्धा नाही हो, दादा म्हणतोय ना मग काय वाचायचं. फोटो काढला, अंगठा घेतला, बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. पुढे चार महिन्यांनी कळलं की ते हक्कसोडपत्र होतं, म्हणजे घरातला माझा हिस्सा सोडल्याचा कागद. आई तेव्हा होती, तिला माहीत होतं का नव्हतं हे मी तिला कधी विचारलं नाही आणि दोन वर्षांनी ती गेली. मातीच्या वेळी दादा कबरेच्या एका बाजूला उभा आणि मी दुसऱ्या बाजूला.

पैशाचं मला आता काही नाही, देवाच्या दयेने आमचं बरं चाललंय. पण दर रविवारी उपासनेत प्रभूची प्रार्थना होते, “जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड”, आणि नेमक्या त्या ओळीला माझे ओठ मिटतात. मी कॉयरमध्ये आहे, पुढे उभी असते, सगळं मोठ्याने म्हणते आणि तेवढी ओळ गिळते. अकरा वर्षं. शेजारच्या बाईंच्या लक्षात आलं असणार, पण त्या कधी काही बोलल्या नाहीत.

मी गुडघ्यावर बसून कितीदा म्हटलंय, प्रभू, मी दादाला माफ केलं. उठते, भांडी घासायला लागते, की त्या उसाच्या रसाची चव आठवते. ज्यांना हे खरंच जमलंय, ज्यांच्या मनाला खरंच मोकळं वाटलं, त्यांनी सांगा. उपदेश नको, अनुभव हवा.

तुषार_पुणे
ताई, मी ख्रिस्ती नाही पण वाचून पोटात कालवलं. तो उसाचा रस फार लागला.

अण्णा_खतावणी
सगुणाताई, सलाम. सहकारी बँकेत ३६ वर्षं काढलेला माणूस आहे, तेव्हा ‘ऋण’ शब्द दिसला की मी थांबतो.

आमच्याकडे कर्ज दोन तऱ्हेने ‘जातं’. एक राइट ऑफ. म्हणजे ताळेबंदातून रक्कम काढून टाकतात, वही स्वच्छ दिसते, पण वसुली चालूच असते, नोटिसा जात राहतात. दुसरी माफी, तिथे मागायचा हक्कच संपतो. बातमीत राइट ऑफ आलं की लोकांना वाटतं माफ झालं, तसं नसतं. मी स्वतः माझ्या साडूला वीस वर्षं राइट ऑफ करून ठेवलं होतं. वरून सगळं स्वच्छ, लग्नकार्यात नमस्कार चमत्कार, आणि आत दर महिन्याला व्याज चढतंय. मला वाटतं तुमचंही तिथेच अडलंय. तुम्ही वहीतून काढलंत, वसुली थांबलेली नाही.

आणि माफीत कुणीतरी भरतंच हे लक्षात घ्या. आपल्याकडे २०१७ ला आणि २०१९ ला शेतकऱ्यांची कर्जमाफी झाली तेव्हा बँकेचे पैसे काही हवेत गेले नाहीत, सरकारने तिजोरीतून भरले. मग दादाने तुमचं जे घेतलं ते कोण भरणार? तुम्हीच. म्हणून दुखतंय. यात तुमची श्रद्धा कमी पडते असं अजिबात समजू नका. फुकट माफी नसतेच, आपण ज्या क्रुसाकडे बघतो तो तेच सांगतो की.

जाई
अण्णा, २०-२० वर्षं व्याज म्हणजे चक्रवाढ का सरळ? 🙂

अण्णा_खतावणी
चक्रवाढ गं बाई. आणि मुद्दल काय होतं? त्याने माझ्या मुलीच्या बारशाला यायचं टाळलं होतं.

नेवासकर
मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. माफी मागितलीच नसेल तर द्यायची कुणाला? बायबलात लूक १७ मध्ये प्रभू स्पष्ट सांगतो, भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. ‘तर’ आहे तिथे. दादाने अकरा वर्षांत एकदा तरी चुकलो म्हटलंय का? नसेल तर ताईंनी स्वतःला कशाला छळून घ्यायचं. शिवाय आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा वारसा कायदा लागू आहे, त्यात मुलगा मुलगी समान वाटेकरी, तेव्हा तो हिस्सा हक्काचाच होता, उपकाराचा नव्हता.

सगुणा_नगर
नेवासकर, नाही म्हटलेलं. आणि कायद्याचं म्हणाल तर वकिलांना भेटले होते, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा टाकायला हवा होता, मी आईकडे बघून गप्प बसले. आता तो रस्ता बंद.

एस्तेर७
नेवासकर, क्रुसावर “हे बापा, त्यांना क्षमा कर” म्हटलं तेव्हा खाली उभ्या असलेल्यांपैकी कुणी पश्चात्ताप केला होता? खाली चिठ्ठ्या टाकून कपडे वाटून घेत होते.

मला वाटतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण हातातलं सोडणं हे आपल्या एकट्याचं काम, आणि पुन्हा नातं जुळणं हे दोघांचं. पहिल्याला समोरच्याची सही लागत नाही.

धुकं
हा धागा वाचून तीन दिवस झाले, आज लिहायचं धाडस करतेय.

मला नवरा मारायचा. सहा वर्षं. मी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांकडे गेले तेव्हा मला सांगण्यात आलं की सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायची असं वचन आहे, परत जा, प्रार्थना कर. मी गेले. पुढच्या महिन्यात माझा हात मोडला. मनगटाच्या वर आत अजून धातूची पट्टी आहे, थंडीत दुखते. कोणती मंडळी, कुठलं गाव, ते नाही सांगणार.

त्यानंतर कुणी क्षमा शब्द उच्चारला तरी मी खोलीतून उठून जायचे. मग दुसऱ्या गावात एका म्हाताऱ्या बायबलबाईंनी (घरोघरी वचन सांगणाऱ्या) मला फार साधं सांगितलं. म्हणाल्या, पोरी, विस्तवावर हात ठेव असं प्रभू कुठेच म्हणाला नाही. तू लांबूनच माफ कर, दार लावून घे आणि मग माफ कर. मी पोलिसात तक्रार केली, वेगळी झाले, केस चालली. आणि हे सगळं झाल्यावर, पूर्ण सुरक्षित झाल्यावर, चौथ्या वर्षी कधीतरी, मला कळलं की तो माणूस माझ्या स्वप्नात यायचा थांबलाय. मी त्याच्यासाठी प्रार्थना करते. त्याला माझा पत्ता माहीत नाही आणि कळूही देणार नाही.

तेव्हा कृपा करून कुणालाही “माफ कर आणि परत जा” असं एका दमात सांगू नका.

जाई
धुकं ❤️ काय लिहू कळत नाही.

नेवासकर
धुकं ताई, तुमचं वाचून मी माझंच आधीचं परत वाचलं. मी ‘तर’ वर अडून बसलो होतो, पण लोकांनी तुम्हाला वचन सांगताना तो ‘दोष दाखव’ हा भाग गाळला, तुमच्या नवऱ्याला कुणी दोष दाखवला नाही. तुम्हाला तेवढं अर्धंच वचन दिलं. वाईट वाटलं.

वाडीवाला_वसई
आमच्याकडची एक गोष्ट. माझे वडील आणि काका, वाड्या लागून, मध्ये एक बावखल, म्हणजे वाडीतलं छोटं तळं. पाणी कुणी किती घ्यायचं आणि बांधावरचे चार माड कुणाचे यावरून बोलणं बंद. १४ वर्षं! दोघंही दर रविवारी मिस्साला (उपासनेला), एकाच देवळात, म्हणजे चर्चमध्ये, काका उजवीकडच्या चौथ्या बाकावर आणि आमचे पप्पा मुद्दाम डावीकडे खांबाच्या मागे. मिस्सात शेजाऱ्याला हात जोडून शांती द्यायची वेळ आली की पप्पा खांबाकडे तोंड करून हात जोडायचे, खांबालाच शांती!

एका उपवासकाळात देऊळ रंगवायला काढलं, डावीकडची बाकं हलवलेली, आणि उशीर झाल्यामुळे पप्पांना काकांच्या शेजारी जागा मिळाली. शांतीच्या वेळी दोघांनी एकमेकांना नुसते हात जोडले, बघितलंही नाही धड. बास. घरी येऊन पप्पा जेवले नाहीत. संध्याकाळी वाडीत गेले, बावखलाच्या कडेला बसले, थोड्या वेळाने काका त्यांच्या बाजूने आले आणि पलीकडच्या कडेला बसले. आम्ही पोरं केळीमागून बघत होतो. अर्धा तास कुणी बोललं नाही. मग काका म्हणाले, “गाळ फार साचलाय.” पप्पा म्हणाले, “काढूया.” आणि मेमध्ये दोघांनी मिळून गाळ काढला.

माडांचं अजून ठरलेलं नाही, नारळ जो आधी उठेल तो नेतो.

तुषार_पुणे
“गाळ फार साचलाय” 😭 वाडीवाले तुम्ही रडवलंत.

बाहेरच्याचा एक प्रश्न, ७० गुणिले ७ म्हणजे ४९० झाले ना, मोजायचे असतात का?

वाडीवाला_वसई
आमची आजी म्हणायची आजोबांचे ४९० लग्नाच्या दुसऱ्याच पावसाळ्यात संपले, त्यापुढचं सगळं ती बोनसमध्ये देतेय.

अण्णा_खतावणी
तुषारराव, पेत्र नावाच्या शिष्याने प्रभूला विचारलं होतं सात वेळा क्षमा करू का, त्याला वाटलं फार उदार आकडा सांगितला, त्यावर ते उत्तर आहे. मोजू नको असाच अर्थ. पण त्याच्या लगेच पुढे एक दृष्टान्त आहे (मत्तय १८) आणि तिथे मात्र आकडे आहेत, बँकवाल्याला राहवत नाही. राजा एका दासाचं दहा हजार तालांताचं कर्ज सोडतो. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस. करा गुणाकार, सहा कोटी दिवसांची मजुरी! माणूस दीड लाख वर्षं राबला तरी फिटणार नाही. आणि तोच दास बाहेर येऊन शंभर दीनारासाठी सोबत्याची नरडी धरतो.

सगळे प्रवचनकार म्हणतात बघा, किती क्षुल्लक रक्कम. मला ते पटत नाही. शंभर दिवसांची मजुरी क्षुल्लक कशी? गरिबाघरी तीन महिन्यांची चूल आहे ती. प्रभूने आकडा एक किंवा दोन दीनार नाही ठेवला. दादाने तुमचं जे घेतलं ते शंभर दीनार आहे सगुणाताई, खरे, खणखणीत. ते काहीच नव्हतं असं म्हणायची गरज नाही, सोडताना सुद्धा.

मनमोकळी
मी समुपदेशनाचं काम करते, त्या बाजूने थोडं. अमेरिकेत एव्हरेट वर्दिंग्टन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ख्रिस्ती, क्षमेवर संशोधन करायचे. १९९६ च्या सुरुवातीला त्यांच्या वृद्ध आईचा घरफोडीत खून झाला. त्यांनी सांगितलंय की पहिल्या रात्री बेसबॉलची बॅट बघून त्यांच्या मनात त्या चोराला ठेचायचा विचार आला होता. क्षमेचा अभ्यास करणारा माणूस!

त्यांनी एक फरक केलाय जो मला रोज कामाला येतो. निर्णयाची क्षमा वेगळी, भावनेची क्षमा वेगळी. निर्णय एका क्षणात होतो, म्हणजे मी सूड घेणार नाही, वाईट चिंतणार नाही. भावना मागून येते, कधी महिने, कधी वर्षं. सगुणाताईंनी गुडघ्यावर बसून जे केलं तो निर्णय होता आणि तो खराच होता. रसाची चव आठवली म्हणून तो खोटा ठरत नाही. आठवण आली की “मी कुठे माफ केलंय” असं म्हणण्याऐवजी “मी माफ केलंय आणि मला दुखतंय” असं म्हणून बघा.

रानपाखरू
आमच्याकडे वारकरी घर. पण सोसायटीत जैन कुटुंब आहे, संवत्सरीला सगळ्या ग्रुपवर मिच्छामि दुक्कडम् (चुकलं असेल तर क्षमा करा) चे फॉरवर्ड येतात, आपणही हात जोडल्याची इमोजी टाकतो, संपलं. एका वर्षी मात्र त्या घरातल्या आजी तीन मजले चढून आमच्या दारात आल्या, आणि माझ्या सासूबाईंना म्हणाल्या, मार्चमध्ये पाण्याच्या टाकीवरून मी तुम्हाला लागेल असं बोलले होते, ते मला क्षमा करा. महिना धरून सांगितलं! सासूबाईंना आठवतही नव्हतं. पण तेव्हापासून दोघी रोज संध्याकाळी बाकावर एकत्र बसतात. नेमकं काय चुकलं ते सांगून माफी मागणं किती वेगळं असतं ते तेव्हा कळलं.

एस्तेर७
सगुणाताईंचे ओठ मिटतात हे वाचल्यापासून मला कोरी टेन बूम आठवतायत. हॉलंडच्या, घरात ज्यूंना लपवलं म्हणून पकडल्या गेल्या, नाझींच्या राव्हेन्सब्रुक छावणीत त्यांची बहीण बेट्सी १९४४ च्या डिसेंबरात वारली. १९४७ मध्ये म्युनिकच्या एका चर्चमध्ये त्या क्षमेवरच बोलल्या आणि बोलून झाल्यावर एक माणूस हात पुढे करून आला, तो त्या छावणीतला पहारेकरी होता. कोरींचा हात उचलला जाईना. त्यांनी मनात प्रार्थना केली की मी फक्त हात उचलू शकते, बाकीचं तू दे. प्रेम वगैरे आधी आलं नाही, आधी हात गेला.

आणि आपल्याच देशातलं, ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्लॅडिस स्टेन्स. जानेवारी १९९९, ओडिशात मनोहरपूरला नवरा आणि दहा आणि सहा वर्षांची दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जाळून मारली. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली असं जाहीर सांगितलं, आणि खटला मात्र चालला, मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. क्षमा केली म्हणून कायदा गुंडाळून ठेवला नाही. त्या लगेच देश सोडूनही गेल्या नाहीत, मुलीला घेऊन बारीपदालाच राहिल्या आणि कुष्ठरोग्यांचं काम पुढे काही वर्षं चालवलं. धुकं, तुम्ही केलंत ते याच जातीचं आहे असं मला वाटतं.

धुकं
एस्तेर, थँक्यू. हे मला कुणी असं जोडून कधी दाखवलं नव्हतं.

वाडीवाला_वसई
सिस्टर राणी मारियांचंही यात यायला हवं. १९९५ मध्ये मध्य प्रदेशात बसमधून प्रवास करताना भोसकून मारलं, कारण त्या गरीब आदिवासींना सावकारीतून सोडवत होत्या. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी, तिने २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. सुटल्यावर तो केरळात त्यांच्या घरी गेला तेव्हा आईने त्याचे हात धरून त्यांचं चुंबन घेतलं. २०१७ ला इंदूरमध्ये राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा तो माणूस तिथे हजर होता.

नेवासकर
हे मोठ्या लोकांचं झालं. साध्या माणसाचं काय? मला बायबलमधला योसेफ बरा वाटतो. भावांनी विहिरीत टाकला, विकला. मिसरात मोठा झाल्यावर पहिल्या मुलाचं नाव मनश्शे ठेवलं, म्हणजे विसरायला लावणारा. देवाने मला सगळं विसरायला लावलं म्हणाला. आणि भाऊ धान्य घ्यायला समोर आले तर एका नजरेत दहाही ओळखले! कसलं विसरलाय. लगेच गळ्यातही नाही पडला, पारखून घेतलं, मध्ये आत जाऊन रडून आला, तोंड धुतलं. पुस्तकभर वेळ घेतला त्याने.

अण्णा_खतावणी
वा नेवासकर! आणि आपल्या नगरच्याच लक्ष्मीबाई टिळक. १८९५ मध्ये नवरा, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाले आणि त्या संसारातून एकट्या पडल्या, पुढे कित्येक वर्षं वेगळ्या. किती सोसलं त्या बाईने. पण पुढे आयुष्य लिहायला बसल्या तेव्हा एकही गोष्ट लपवली नाही, नवऱ्याचे तऱ्हेवाईकपणे सगळे मांडले, आणि वाचताना आपण हसतो. कडू ठिपका नाही कुठे.

रस्तापेठ
सगुणाताई, विषयाबाहेरचं आहे, पण तुमचं घर नगरला चर्चच्या मागच्या गल्लीत, दारात चिंच असलेलं का हो? आम्ही लहानपणी तिथे दगड मारायचो चिंचांना, एक बाई काठी घेऊन यायच्या.

सगुणा_नगर
अगं बाई! ती माझी आई! काठी घेऊन यायची आणि मग ओच्यातून चिंचा वाटायची. तुम्ही मला आज रडवलंत आणि हसवलंत.

जाई
सगुणाताई, एक सुचलं. प्रार्थनेत “मी” नाहीये, “आम्ही” आहे. “आम्ही ऋण सोडले आहे.” तुमच्याकडून ज्या रविवारी होत नाही त्या रविवारी शेजारच्या बाई तुमच्यासाठी म्हणतायत असं समजा. त्यांच्याही काही ओळी तुम्ही म्हणत असाल.

अण्णा_खतावणी
आणि शब्द बघा ना, सोड. हक्कसोडपत्रातलाही ‘सोड’ आणि प्रार्थनेतलाही ‘सोड’. पहिलं दादाने तुमच्याकडून फसवून सोडवून घेतलं. हे दुसरं सोडणं कुणी फसवून घेऊ शकत नाही, तिथे अंगठा तुम्हालाच द्यायचाय, वाचून, समजून. घाई करू नका.

सगुणा_नगर
(सात आठवड्यांनी येतेय, माफ करा.)

अण्णांचं शेवटचं वाचून मी फोन बंद करून बसले होते त्या दिवशी. नंतर हो-नाही करत ईस्टरच्या आदल्या दिवशी नगरला गेले. पहाटेची उपासना कबरस्थानात असते, त्याआधी आईबाबांची कबर साफ करावी म्हणून दुपारीच गेले झाडू घेऊन. तर दादा तिथे. चुन्याची बादली, ब्रश. ६३ वर्षांचा आहे, पाठ पार वाकलीय. वरचा भाग पांढराशुभ्र आणि खालची वीतभर कड तशीच, शेवाळलेली. मला बघून म्हणाला, “खाली वाकवत नाही गं आता, गुडघे गेले.”

मी काही बोलले नाही. ब्रश घेतला त्याच्या हातातून आणि खाली बसून कड रंगवली. तो बादली सरकवत होता. चुना माझ्या बोटांना लागला, नखांत अजून होता आठवडाभर. कागदाचं तो काही बोलला नाही, मीही नाही. मी त्याला दादा म्हटलं एकदाच, “दादा, पाणी घाल थोडं, घट्ट झालाय.” अकरा वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला.

पहाटे प्रार्थना झाली. “ऋण्यांस” पर्यंत आवाज आला, पुढे नुसते ओठ हलले. पण हलले.

परतीच्या एसटीत मला झोप लागली. मला गाडीत कधीच झोप लागत नाही, नवरा थट्टा करतो. शिवाजीनगरला कंडक्टरने उठवलं.

सगळं संपलं असं नाही. परवा त्याने घरासमोरचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आणि माझ्या पोटात पुन्हा गोळा आला. मनमोकळी, तेव्हा तुमचं वाक्य म्हटलं, मोठ्याने, स्वयंपाकघरात. मग पोळ्या केल्या.

धुकं
सगुणाताई, ओठ हलले ना. 🙏

वाडीवाला_वसई
चुना घट्ट झालाय, गाळ साचलाय, एकाच घरातली वाक्यं.

रस्तापेठ
आणि चिंच?

सगुणा_नगर
आहे! निघताना दादाने पिशवीभर हातात दिली. अजून फोडलेली नाही, डब्यात तशीच आहे. या रविवारी उपासनेनंतर फोडायला बसते. तुम्ही पेठेत ना, या दुपारी, दगड न मारता मिळतील. अण्णांसाठीही बाजूला काढते.